केबल तुटली तर कुदळीआधी नकाशा काढा

पाइपलाइन फुटली तर आपण काय करतो? पंप चालू आहे, पण शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचत नाही. अशा वेळी कोणी विहिरीपासून वाफ्यापर्यंतचा सगळा चर उकरत बसत नाही. आधी पंप पाहतो. मग विहिरीजवळचा व्हॉल्व्ह पाहतो. मग मधला व्हॉल्व्ह उघडून बघतो. तिथे पाणी आले तर फूट पुढे, नाही आले तर मागे. असे दोन-तीनदा केले की फुटलेली जागा चार-दोन हातांत सापडते. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही, पण प्रत्येक बागायतदाराला ते येते.

हेच शहाणपण गावात जमिनीखालून आलेल्या इंटरनेटच्या केबलला लावायला मात्र आपण विसरतो. ग्रामपंचायतीचे नेट गेले की "केबल तुटली असेल" म्हणायचे आणि हात बांधून बसायचे, नाहीतर दिसेल तिथे उकरायला लागायचे. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, अशी गत होते. कित्येकदा केबल धडधाकट असते आणि बिघाड असतो भिंतीवरच्या बटणात. कधी केबल खरोखर तुटलेली असते, पण ती कुठून गेली आहे हेच गावात कोणाला सांगता येत नाही.

माझे म्हणणे साधे आहे. केबल सांधणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. ते त्याच्यावरच सोडावे. पण बिघाड कुठल्या बाजूला आहे हे ओळखणे आणि केबलचा मार्ग कागदावर ठेवणे हे गावाचे काम आहे. गावाने आपले काम केले तर दुरुस्ती तासांची होते. नाही केले तर आठवडे जातात.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला?

कोणी म्हणेल, कृषी खात्याच्या माणसाने बी-बियाण्याचे बोलावे, केबलचे काय? पण आज शेतीचा कोणता कागद नेटशिवाय निघतो ते सांगा. डिजिटल सहीचा सातबारा, पी.एम. किसानचे ई-केवायसी, महाडीबीटीवरचा ठिबकचा किंवा अवजारांचा अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, पीकविम्याचा भरणा, सगळे नेटवर. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंदही आपणच ई-पीक पाहणीत मोबाईलवरून करतो. या प्रत्येक कामाला मुदत असते, आणि मुदत संपायला दोन दिवस राहिले की सगळे गाव केंद्रावर जमते. नेमके तेव्हा नेट बंद असेल तर काय होते, हे मी सांगायला नको.

भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतून विचार करा. भात लावणीचे दिवस, मजूर मिळत नाही, आणि घरच्या कर्त्या माणसाने एका अंगठ्यासाठी कापूरहोळला किंवा भोरला यायचे. एस.टी.चे भाडे जाते ते वेगळे, दिवस मोडतो तो वेगळा, आणि लावणी एक दिवस मागे पडते ते तिसरे. म्हणून म्हणतो, ही केबलसुद्धा शेतीच्या पाटासारखीच आहे. तिचीही राखण हवी.

केबल आली कुठून?

देशातल्या ग्रामपंचायती काचेच्या तंतूच्या केबलने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात. पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत देशातल्या एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. आपल्या राज्यात पुढच्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने झाले.

आपल्या भागाला ही गोष्ट तशी नवी नाही. १९९८ साली वारणानगरच्या आसपासच्या कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकाला त्याची माहिती गावातच संगणकावर मिळावी, हा त्याचा हेतू होता. आपल्याच पुणे जिल्ह्यात खोडदच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संदेश जमिनीखालच्या काचेच्या तंतूंतूनच मध्यवर्ती इमारतीत येतात. म्हणजे शेतशिवारातून अशी केबल नेता येते आणि वर्षानुवर्षे चालवताही येते.

या केबलमध्ये वीज नसते, प्रकाश असतो. तालुक्याच्या केंद्रातून प्रकाश निघतो, वाटेत त्याच्या शाखा होतात आणि एक शाखा ग्रामपंचायतीतल्या पेटीत येते. आपल्या नळयोजनेसारखेच आहे. मुख्य वाहिनी फुटली तर खालची सगळी गावे कोरडी. शाखा फुटली तर एकच गाव कोरडे.

ती तुटते का?

शास्त्रानुसार मऊ जमिनीत अशी केबल १६५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपाच फूट खोल हवी, आणि तीही एच.डी.पी.ई. नळीतून. एवढ्या खोल नांगर सोडाच, सबसॉयलरही पोहोचत नाही. पण आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन-तीन फुटांवर कातळ लागतो. तिथे केबल उथळ टाकायला मुभा असते, पण वर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे संरक्षण द्यावे लागते. ते दिले की नाही, हे चर बुजवल्यावर कळत नाही. कळते ते जेसीबीचा दात लागल्यावर.

आणि खोदकाम तर थांबतच नाही. कापूरहोळचा चौक बघा. पुणे-सातारा महामार्ग, भोरकडे जाणारा रस्ता आणि नारायणपूरवरून सासवडला जाणारा रस्ता इथे मिळतात. रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेची केबल मधे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशन जाहीर झाले आणि गावोगाव नळाचे चर निघाले. गुंजवणीचे पाणी बंद नळाने वेल्हे, भोर आणि पुरंदरला देण्याची योजना आहे. त्यातच विजेचे खांब, गटारे आणि रस्ता ओलांडून नेलेल्या आपल्या खासगी पाइपलाइनी. प्रत्येक काम गरजेचेच आहे. पण प्रत्येक जण खोदतो तो जणू जमिनीखाली आपल्याआधी कोणी काही पुरलेच नाही अशा समजुतीने.

बाकीची कारणे म्हणजे उंदीर-घुशी, ओढ्याच्या पुरात वाहून गेलेला मोरीचा भराव, सांध्याच्या पेटीत शिरलेले पाणी आणि मोठ्या दगडाखाली दबलेली नळी.

बिघाड शोधण्याचा क्रम

आता कामाचे बोलू. खालचा क्रम ग्रामपंचायतीत पेटीशेजारी लिहून लावावा.

पहिली गोष्ट, वीज. पेटीला वीज येते का, बॅटरी उतरली आहे का, प्लग सैल आहे का, ते पाहा. काखेत कळसा आणि गावाला वळसा नको.

दुसरी गोष्ट, पेटीवरचे दिवे. 'पी.ओ.एन.' लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल, तर प्रकाश गावापर्यंत येतो आहे. तेव्हा केबल तुटलेली नाही. बिघाड संगणकात, वाय-फायमध्ये किंवा वरच्या यंत्रणेत आहे. 'एल.ओ.एस.' लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल, तर प्रकाश येत नाही. मग पुढे जायचे.

तिसरी गोष्ट, पेटीला जोडलेली बारीक पिवळी वायर. ती कपाटाच्या दारात चेमटली आहे का? खिळ्याला गुंडाळली आहे का? तांब्याची तार वाकली तरी वीज जाते, पण काचेचा तंतू घट्ट वाकला की प्रकाश बाहेर सांडतो. ही वायर उपसून तिच्या टोकात कोणीही डोळा लावून बघू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मुलांना तर हात लावू देऊच नये.

चौथी गोष्ट, शेजारच्या गावाला फोन. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगाची तपासणी. त्याच मार्गावरच्या वरच्या आणि खालच्या ग्रामपंचायतीत नेट आहे का, ते विचारा. सगळीकडे बंद असेल तर दोष मुख्य वाहिनीत किंवा तालुक्याच्या केंद्रात. वरच्या गावात चालू आणि आपल्यापासून खाली बंद, तर दोष त्या दोन गावांच्या मधे. फक्त आपल्याकडे बंद, तर दोष आपल्या शाखेत. कुदळ न उचलता दहा किलोमीटरचा शोध दोन किलोमीटरवर आला.

पाचवी गोष्ट, चालत जाऊन पाहणी. केबलच्या मार्गावर गेल्या दोन-चार दिवसांत कोणी खोदले का? ताजी माती, नवा खांब, ढासळलेला भराव, खुणेचा दगड उपटलेला दिसतो का? गुराखी आणि रस्त्याकडेचे दुकानदार यांना विचारावे. जेसीबी कधी आला होता, हे त्यांना पक्के माहीत असते.

एवढी माहिती घेऊन तक्रार नोंदवा. "नेट बंद आहे" असे सांगणे वेगळे आणि "सकाळी दहा वाजल्यापासून लाल दिवा आहे, वरच्या गावात चालू आहे, काल अमुक मोरीजवळ खोदकाम झाले" असे सांगणे वेगळे. दुसऱ्या तक्रारीवर तंत्रज्ञ सरळ जागेवर येतो.

तंत्रज्ञाकडे ओ.टी.डी.आर. नावाचे यंत्र असते. ते तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते आणि तुटल्या जागेवरून तो किती वेळाने परत येतो हे मोजते. विहिरीत हाक मारल्यावर उत्तर किती वेळाने येते यावरून खोली ओळखावी, तसेच. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. एवढा बारीक वेळ मोजून यंत्र अंतर सांगते.

पण इथेच मेख आहे. यंत्र अंतर सांगते ते केबलचे, रस्त्याचे नव्हे. सांध्याच्या खड्ड्यांत काही मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. केबल खालीवर होते, वळसा घेते. यंत्र २,४०० मीटर म्हणाले आणि आपण रस्त्यावर तेवढेच मोजून खोदले, तर खड्डा पुढे पडतो. कोणता सांधा कोणत्या गटाशेजारी आहे आणि तिथपर्यंत किती केबल लागली, हे लिहिलेले असेल तर जवळच्या सांध्यापासून मोजता येते. नसेल तर लाखमोलाचे यंत्रही अंदाजपंचे होते. नकाशाचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

एक सोपी सवयही सांगतो. नेट उत्तम चालू असताना तंत्रज्ञ आला की पेटीवर किती प्रकाश येतो ते मोजायला सांगा आणि तो आकडा तारखेसह पेटीवर चिकटवा. गाय रोज किती दूध देते हे माहीत असले की दूध कमी होताच आजार कळतो. इथेही तेच. आकडा घसरत चालला तर कुठेतरी केबल दबते आहे किंवा सांधा खराब होतो आहे, हे तुटण्याआधी समजते.

शेतातली स्वतःची केबल

आता अनेकांनी पॉलिहाऊस, गोठा, दूध संकलन केंद्र किंवा विहिरीवरचा कॅमेरा यांसाठी घरापासून तांब्याची नेटची केबल जमिनीतून नेली आहे. ती पहिल्या पावसाळ्यात बंद पडल्याची तक्रार नेहमीची. त्याची कारणे ठरलेली आहेत. घरात वापरायची केबल जमिनीत पुरली की तिच्या आवरणात पाणी शिरते. अशी केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे ओढली की अधूनमधून बंद पडणारच. मोटारीच्या केबलच्या चरातच ती टाकली तर त्रास आणखी वाढतो.

शोधायची रीत अशी: पलीकडचा कॅमेरा काढून घरी आणा आणि चांगल्या छोट्या वायरने जोडा. चालला तर दोष पुरलेल्या केबलचा. नाही चालला तर कॅमेऱ्याचा. मग दोन्ही टोके मोकळी करून टेस्टर लावा. आठ तारांपैकी कोणती तुटली, ते दिसते. टोकाचे कनेक्टर एकदा नवे घालून पाहा, कारण बरेच दोष टोकालाच असतात. कोरड्यात चालते आणि पावसात बंद पडते, तर मधे कुठेतरी आवरण फाटले आहे. अशी केबल टेपने सांधून परत पुरू नये, ती बदलावी. नवी केबल बाहेर वापरायची, जेल भरलेली घ्यावी, नळीतून न्यावी आणि नळीत एक जादा दोरी ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी चर न खणता केबल ओढता येईल. अंतर जास्त असेल तर तांबे सोडा, फायबरच टाका. वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या तारेतून दाब येऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. फक्त केबलच्या बळकटीसाठी आत धातूची तार नसलेली घ्यावी.

तुटली तर लपवू नका

आता थोडे कडू बोलतो. खोदताना केबल तुटली की बहुतेक जण काय करतात? इकडेतिकडे बघतात आणि माती लोटून देतात. सांधायला काही तास लागणारे काम या एका कृतीने कित्येक दिवसांचे होते, कारण तुटलेली जागा शोधण्यातच वेळ जातो. जुन्या तुकड्यात पाणी शिरते ते वेगळे.

लोक लपवतात ते भीतीपोटी. केंद्राच्या २०२२ च्या नियमांत खोदणाऱ्याने आधी सूचना द्यावी आणि नुकसान केल्यास भरपाई द्यावी, अशी तरतूद आली. नियम योग्यच आहे. पण गावाने त्याला आपली एक रीत जोडावी. जो तासाभरात येऊन सांगेल, त्याच्या बाजूने ग्रामपंचायतीने उभे राहावे. जो लपवेल, त्याच्याविरुद्ध स्वतः तक्रार करावी. सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला मोकळीक मिळत असेल, तर उद्या कोणीही सांगायला येणार नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. ठेकेदार केबल उथळ टाकतो, चर नीट दाबत नाही, बांध मोडून जातो आणि नकाशा देत नाही. मग शेतकऱ्यालाच दोष का द्यायचा? हा सवाल रास्त आहे. ज्याला मार्ग दाखवलाच नाही, त्याच्याकडून तो जपण्याची अपेक्षा करता येत नाही. म्हणूनच नकाशा मागण्याचा हक्क गावाने बजावला पाहिजे.

"आता मोबाईलवर सगळे होते, केबल हवी कशाला?" असेही विचारतात. डोंगराआडच्या वाडीत रेंज किती येते, ते तिथे राहणाऱ्याला विचारा. शिवाय मोबाईलच्या अनेक मनोऱ्यांनाही माहिती पुरवते ती जमिनीखालची केबलच. ती तुटली की मोबाईलही मुका होतो.

गावाने काय करावे?

मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवायचे, म्हणजे ज्यांच्या वाहिन्या तिथे आहेत त्यांना सूचना जाते. बेफाम खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात गावे एकाच सरळ वाहिनीऐवजी कड्यासारखी जोडायची आहेत, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. चांगलेच आहे. पण कडेसुद्धा दोन ठिकाणी तुटले तर मधली गावे बंदच. गावाची नोंद त्या वेळीही लागणार आहे.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्रामस्थ यांना माझी विनंती आहे की येत्या ग्रामसभेत चार ठराव घ्या.

एक, गाव नकाशाच्या प्रतीवर जमिनीखालची प्रत्येक वाहिनी दाखवा: इंटरनेटची केबल, नळाचे पाणी, वीज आणि रस्ता ओलांडणाऱ्या खासगी पाइपलाइनी. गट नंबर, रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर, खोली आणि सांध्यांच्या जागा लिहा. ज्या माणसांसमोर चर निघाले ती अजून गावात आहेत, तोवर त्यांना सोबत घेऊन फिरा.

दोन, खोदकामाला ना हरकत देताना आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना मार्गाचा नकाशा मागा. चर उघडा असतानाच मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून.

तीन, जेसीबी लावण्याआधी तीन दिवस ग्रामपंचायतीला कळवण्याची पद्धत पाडा. शेतकऱ्यालाही आणि ठेकेदारालाही ती सारखीच लागू ठेवा.

चार, बिघाडाची एक वही ठेवा. तारीख, कोणता दिवा, शेजारच्या गावाची स्थिती, दोष कुठे सापडला, कारण काय आणि किती दिवस लागले. वर्षभराने ती वही चाळली की एकच मोरी किंवा एकच वळण तीन वेळा लिहिलेले सापडेल. तिथे संरक्षक पाइप मागायला तुमच्या हातात पुरावा असेल.

या चार कामांना निधी लागत नाही. एक वही, एक नकाशा आणि दोन दिवसांची पायपीट लागते. पेरणी आटोपली की हे काम करून घ्या. मुदतीच्या तारखा त्यानंतरच येतात.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)